वेलेनच्या तळघरात रीसलिंग

ऑक्टोबरची दुपार. जर्मनीतल्या मोझेल नदीवरचं धुकं नुकतंच विरलं आहे आणि वेलेन गावाच्या काठावरून पलीकडचा डोंगर स्वच्छ दिसतो आहे. चढ ७० टक्क्यांपर्यंतचा. यंत्राचं तिथे फारसं चालत नाही. तोडणीची माणसं पाटीच्या काळ्या-निळ्या दगडाच्या चिपांवर पाय रोवत एकेका खांबाला बांधलेल्या वेलींमधून उतरताहेत. मधल्या खडकावर योडोकुस प्र्यूम यांनी १८४२ साली बांधलेलं सूर्यघड्याळ दिसतं. मळ्याला त्याचंच नाव आहे.

तळघरात उतरल्यावर मात्र थंडी अंगावर येते. भिंतीला लागून फूडर, म्हणजे सुमारे हजार लिटरची जुनी ओकची पिंपं ओळीनं मांडलेली आहेत. इतकी जुनी, की लाकूड आता वाईनला स्वतःचा वास देत नाही, फक्त हवा थोडी थोडी आत सोडतं. यंदाचा रस एका पिंपात आंबतो आहे. कान लावला की आतली बुडबुड ऐकू येते. मालकीणबाई ग्लासमध्ये गेल्या हंगामातली कोरडी रीसलिंग, त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाईन, ओततात आणि मी ग्लास नाकाशी नेताच सांगतात, वास नंतर घ्या, आधी पिऊन बघा.

मी घोट घेते. पहिल्यांदा आंबटपणा येतो, सरळ आणि तीक्ष्ण, लिंबाच्या सालीचा आणि हिरव्या सफरचंदाचा. तो ओसरेल असं वाटतं, पण त्याच्या आतून दुसरंच काही पसरायला लागतं. जिभेच्या मधोमध वाईनला अंग येतं, जवळजवळ सायीसारखं, आणि शेवटी हिरड्यांवर हलकी तुरट पकड उरते. ग्लासातला द्रव पाण्याइतका पातळ दिसतो, अल्कोहोल जेमतेम १२ टक्के. तरी तोंडात त्याला वजन आहे. रीसलिंगच्या वासाबद्दल माणसं भरभरून बोलतात. मला तिचा हा स्पर्श जास्त मोलाचा वाटतो, कारण वास पहिल्या क्षणीच सगळं सांगून टाकतो आणि स्पर्श घोटासोबत बदलत जातो.

हे अंग येतं कुठून? बाई पिंपाच्या बुडाकडे बोट दाखवतात. आंबवण संपल्यावर मेलेलं यीस्ट तळाशी बसतं. ही वाईन त्या बारीक गाळावर महिनोन्‌महिने राहते. यीस्टच्या पेशी हळूहळू विरघळतात आणि त्यांतली द्रव्यं आंबटपणाची धार गोलसर करतात. पकड येते सालांमधून: दाबण्याआधी रस काही तास सालांसोबत ठेवला होता.

पण या सगळ्याला पाया थंडीचा आहे. हे गाव ५०व्या अक्षवृत्ताला खेटून आहे. आपल्या नाशिकला जानेवारी ते मार्चमध्ये द्राक्षं उतरतात, तेव्हा ऊन चढत असतं आणि आम्ल झपाट्यानं कमी होतं. इथे उलट, उन्हं कलत असताना फळ पिकतं. रात्री गार असतात म्हणून आम्ल टिकतं, आणि दिवसा तापलेला दगड ऊब धरून ठेवतो म्हणून फळ कच्चं राहत नाही. दगड वाईनमध्ये उतरतो असं कौतुकानं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. त्याचं खरं काम ऊब देण्याचं आणि पाणी वाहून जाऊ देण्याचं आहे, आणि तेवढं पुरेसं मोठं आहे.

दुसऱ्या ग्लासात काबिनेट, म्हणजे हलक्या वर्गातली रीसलिंग, येते: अल्कोहोल ८ टक्के, किंचित गोड. सुंदर आहे, पण ती जिभेवरून धावत जाते. साखर आणि आम्ल एकमेकांना धरून उभी असतात, खाली बैठक मात्र नाही. मग एक जुनी बाटली, तिला रॉकेलचा पुसट वास. सालीतल्या कॅरोटिनॉइडांपासून बाटलीत हळूहळू तयार होणारं संयुग त्याला कारण असतं. उन्हात होरपळलेल्या द्राक्षांत ते जास्त बनतं, इथे बेतानं.

बाई लाकडी पाटावर धुरावलेला ट्राउट आणून ठेवतात. मी पुन्हा पहिला ग्लास उचलते. आता तो थोडा कोमट झाला आहे, गारव्यानं दडपलेलं अंग मोकळं झालं आहे, आणि माशाचं तेल जिभेवर असतानाही आंबटपणा त्याला कापत जातो. ही बाटली इतकी थंड देऊ नका, मी बाईंना सांगते. त्या मान हलवतात आणि दुसरी बाटली बर्फातून काढून टेबलावर ठेवतात.