डनक्विनच्या धक्क्यावरची काळी होडी

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याने जाणाऱ्या रस्त्याला २०१४ साली ‘वाइल्ड अटलांटिक वे’ हे नाव मिळालं. उत्तरेतल्या डोनेगलपासून दक्षिणेच्या किन्सेलपर्यंत सुमारे २,५०० किलोमीटर. आमच्या हाताशी चारच दिवस होते. त्यातले दोन एकट्या डिंगल द्वीपकल्पावर गेले, आणि ते सत्कारणी लागले असंच मी म्हणेन.

डिंगल गावातून निघून स्ली हेडच्या कड्याला वळसा घालत परत यायचं, एवढाच फेरा, सत्तेचाळीसेक किलोमीटरचा. गाडी आपल्यासारखी डावीकडूनच चालवायची असल्याने सुरुवातीला धीर येतो. पण रस्ता अरुंद, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला थेट अटलांटिक. वळणावर मेंढ्या उभ्या असतात, त्या हलेपर्यंत थांबायचं. वाटेत गॅलरसचं जुनं प्रार्थनाघर लागतं. चुना नाही, माती नाही, नुसते दगडावर दगड रचलेले. दिसायला पालथी घातलेली होडीच.

हा आकार पुन्हा दिसला तो एका शेडमध्ये. तिथे एक साठीचा कारागीर ‘नेव्होग’ बांधत होता. नेव्होग म्हणजे इथली पारंपरिक होडी. तिला फळ्या नसतात. आधी वरची कड तयार करायची, तिला वाफेवर मऊ केलेल्या लाकडी पट्ट्या बरगड्यांसारख्या वाकवून बसवायच्या, वरून कॅनव्हास ताणायचा आणि डांबर फासायचं. पूर्वी कॅनव्हासच्या जागी बैलाचं कातडं असे. होडी इतकी हलकी होते की तीन-चार माणसं ती पालथी डोक्यावर घेऊन चालू लागतात. दुरून एखादा प्रचंड काळा भुंगाच चालल्यासारखा वाटतो. मी महाराष्ट्रातला म्हटल्यावर त्यांनी लगेच लिओ वराडकरांचं नाव काढलं. या देशाचं पंतप्रधानपद दोनदा सांभाळलेल्या वराडकरांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. तिथे होड्या कशाच्या करतात, हा कारागिरांचा पुढचा प्रश्न. लाकडी फळ्यांच्या, एवढंच मला सांगता आलं.

मग हात न थांबवता त्यांनी संत ब्रेंडनची कथा सांगितली. सहाव्या शतकातला हा साधू कातडी होडीतून पश्चिमेला निघाला. वाटेत एका बेटावर उतरून त्याने प्रार्थना केली, शिष्यांनी चूल पेटवली, तर बेट हलायला लागलं. तो देवमासा होता! दंतकथाच ही, पण १९७६ साली टिम सेव्हरिन हा साहसी प्रवासी याच द्वीपकल्पावरच्या ब्रँडन क्रीकमधून तशीच कातडी होडी घेऊन निघाला आणि पुढच्या वर्षी न्यूफाउंडलंडला पोचला.

याच फेऱ्यावरच्या डनक्विनच्या धक्क्याकडे उतरणारी नागमोडी वाट छायाचित्रांत सगळ्यांनी पाहिलेली असते. समोर ग्रेट ब्लास्केट बेट. तिथल्या कोळी-शेतकऱ्यांनी आयरिश भाषेला नावाजलेली आत्मचरित्रं दिली. १९४६-४७च्या हिवाळ्यात तिथला एक तरुण आजारी पडला. समुद्र खवळलेला, डॉक्टर पोचू शकला नाही, आणि तो गेला. १९५३ साली सरकारने उरलेल्या बावीस जणांना मुख्य भूमीवर आणलं. आता बेटावर ओस घरांच्या भिंती आहेत.

इकडच्या काठावर घरं ओस नाहीत, बंद आहेत. सुट्टीपुरती उघडणारी घरं वाढत चालली आहेत, आणि गावातल्या तरुण जोडप्यांना राहायला घर मिळत नाही, असं दुकानातल्या बाई कळवळून सांगत होत्या. हा आयरिश बोलणारा मुलूख. भेटल्यावर ‘दिया ग्वित’, म्हणजे देव तुझ्यासोबत असो, म्हणायचं. उत्तर देणाऱ्याने देवाला मेरीची जोड द्यायची. आपल्या ‘राम राम’सारखंच हे. बोलणारी माणसंच इथे राहू शकली नाहीत, तर नुसत्या आयरिश पाट्यांनी भाषा कशी टिकेल? मला हे फार लागलं. कड्यावर गाड्या लावून फोटो काढणाऱ्या आम्हा पाहुण्यांना या बंद खिडक्या दिसतही नाहीत.

कारागिराकडच्या होड्या आता मासेमारीला जात नाहीत. शर्यतींसाठी वल्हवणारे त्या बांधून घेतात. निघताना संध्याकाळी धक्क्यावर चौघं दिसली, त्यांत दोन मुली. होडी उचलून त्यांनी डोक्यावर घेतली, आणि काळ्या पाठीखालचे आठ पाय एकमेकांशी आयरिशमध्ये बोलत पाण्याकडे उतरू लागले.