पत्रा वाकवायचं यंत्र घेताना

घरच्या वर्कशॉपसाठी यंत्र निवडण्याआधी आपण कोणता पत्रा वापरणार, ते ठरवा. पत्रा गेजवर मिळतो आणि गेजचा आकडा वाढला की जाडी कमी होते: १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिमी, २२ गेज म्हणजे सुमारे ०.७ मिमी. जाडी दुप्पट झाली की वाकवायला जोर साधारण चौपट लागतो. यंत्राची क्षमता बहुधा माइल्ड स्टीलसाठी सांगितलेली असते. स्टेनलेस स्टील जास्त चिवट, तेव्हा ते त्याहून पातळच घ्यावं.

सरळ घडीसाठी अखंड पट्टीचं फोल्डिंग मशीन पुरतं. ट्रे किंवा डबा करायचा असेल, तर वरची पट्टी सुट्या तुकड्यांची हवी. दोन बाजू उभ्या केल्यावर तिसरी दुमडताना अखंड पट्टी त्या कडांना आडवी येते. सुटे तुकडे काढून तेवढी फट ठेवता येते.

नळीसाठी तीन रोलरचं यंत्र लागतं. त्याचा वरचा रोलर एका टोकाने सुटणारा आहे ना, हे पाहून घ्या. नाहीतर गोल झालेली नळी त्यातच अडकते. रोलरच्या व्यासापेक्षा बारीक नळी त्यावर होत नाही. पत्र्याची टोकं थोडी सपाट राहतात, म्हणून ती आधीच लाकडी हातोड्याने वळवून घेतात.

क्वचितच काम निघत असेल, तर व्हाइसमध्ये धरलेले दोन लोखंडी अँगल आणि तोच हातोडा लहान घड्यांना पुरेसा आहे.