अपुऱ्या दिवसांची मुले आणि सरकारचे निर्णय

सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, ही समजूत आपल्यापैकी पुष्कळांनी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडून ऐकली असेल. आमच्या घरीही ती होती, आणि तिला पुरावा म्हणून आमच्या आजी नात्यागोत्यांतली दोन-तीन उदाहरणे नावानिशी सांगत. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मूल जितके अधिक दिवस उदरात राहील तितकी त्याची फुप्फुसे पक्व होतात. आजींचा दोष एवढाच, की जी उदाहरणे समजुतीत बसली ती त्यांच्या स्मरणात राहिली, जी बसली नाहीत ती गळून गेली. पण हाच दोष मोठमोठ्या डॉक्टरांच्या व राज्यकर्त्यांच्या हातून घडला म्हणजे काय होते, याची एक हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते. विषय रूक्ष आहे खरा. परंतु ज्या घरात पाळणा हलतो त्या घराला तो परका नाही.

अपुऱ्या दिवसांच्या मुलाचे मोठे संकट म्हणजे श्वास. अपक्व फुप्फुसे फुगत नाहीत आणि मूल गुदमरते. १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा याच विकाराने दोन दिवसांच्या आत गेला. सत्ता, संपत्ती व वैद्यक हात जोडून उभी असता काही उपाय चालला नाही.

उपाय सापडला तो न्यूझीलंडमध्ये, आणि तोही मेंढ्यांच्या गोठ्यात. ऑकलंडचे डॉक्टर लिगिन्स हे प्रसूतिवेदना मुळात सुरू कशा होतात याचा शोध करीत होते. उदरस्थ कोकरांना त्यांनी कॉर्टिकोस्टेरॉइड जातीचे द्रव्य दिले, तेव्हा जे कोकरू इतक्या लवकर जन्मून जगावयास नको होते ते श्वास घेताना आढळले. मग बालरोगतज्ज्ञ हॉवी यांच्या साह्याने त्यांनी २८२ मातांवर प्रयोग केला. खरे औषध कोणाला व नुसता देखावा कोणाला, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठी टाकावी तसे दैवावर सोपविले. १९७२ साली निष्कर्ष छापून आले. अकाली वेणा सुरू झालेल्या मातांपैकी ज्यांना औषध मिळाले नव्हते त्यांच्या मुलांत शेकडा २५.८ मुलांना श्वासविकार झाला; ज्यांना मिळाले होते त्यांच्यात शेकडा ९.

एवढ्यावर जगभर हे स्वस्त इंजेक्शन सुरू व्हावयास हवे होते. तसे झाले नाही. ठिकठिकाणी आणखी प्रयोग झाले. पण बहुतेक लहान. एकात गुण दिसे, दुसऱ्यात संख्या थोडी म्हणून काहीच ठामपणे सांगता येत नसे. ज्या डॉक्टरला जो निबंध रुचला तो त्याने उचलला, आणि ज्याला काहीच बदलावयाचे नव्हते त्याला 'अजून निश्चित नाही' म्हणण्याची सोय झाली. अशी दीड तपाहून अधिक वर्षे गेली.

त्याच १९७२ साली ब्रिटनमध्ये आर्ची कॉक्रन या डॉक्टरांनी एक छोटेखानी पुस्तक लिहून, सरकारी पैशाने चालणाऱ्या उपचारांपैकी किती खरोखर गुणकारी आहेत, असा अवघड प्रश्न विचारला होता. पुढे १९७९ मध्ये त्यांनी आपल्याच व्यवसायाला दूषण दिले, की चिठ्ठी टाकून झालेल्या सर्व प्रयोगांचा चिकित्सक गोषवारा आम्ही अद्याप ठेवलेला नाही. प्रसूतिशास्त्रावर तर त्यांचा विशेष रोष होता. ते आव्हान ऑक्सफर्डच्या आयन चाल्मर्स यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उचलले, आणि १९८९ मध्ये गर्भारपण व प्रसूती यांवरील प्रयोगांचे पद्धतशीर आढावे दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध केले.

पद्धतशीर आढावा म्हणजे नुसते पुष्कळ वाचणे नव्हे. प्रश्न आधी लिहून काढावयाचा. कोणते प्रयोग घ्यावयाचे व कोणते नाही याचे नियम निकाल पाहण्यापूर्वीच ठरवावयाचे. मग छापलेले तर खरेच, पण न छापलेलेही हुडकावयाचे, कारण यशस्वी प्रयोग मासिकात जातो आणि फसलेला फडताळात पडून राहतो. शेवटी प्रत्येकाचा कसूनपणा पारखून सर्वांची एकत्र बेरीज मांडावयाची. मोठ्याने बोलणाऱ्या साक्षीदारावर भिस्त न ठेवता न्यायाधीशाने सर्वांच्या जबान्या घ्याव्या, तसेच हे.

अशी बेरीज मांडताच औषधाचा गुण उघड झाला. १९९३ मध्ये कॉक्रन यांच्या नावाने जी संस्था निघाली तिच्या बोधचिन्हात या औषधाचे सात प्रयोग सात आडव्या रेघांनी दाखविले आहेत. मधल्या उभ्या रेषेला जी रेघ शिवते तो प्रयोग एकटा संशयास्पद. बहुतेक शिवतात, पण सर्वांची बेरीज दाखविणारी खालची चौकट मात्र रेषेपासून स्वच्छ अलग आहे. ही बेरीज लांबल्यामुळे हजारो मुले व्यर्थ दगावली असावीत असे ती संस्थाच सांगते. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेने औषधाची शिफारस केली, आणि मग कोठे ते सर्रास सुरू झाले.

येथेच हकीकत संपली असती तर आम्ही कदाचित ती लिहिलीही नसती.

२०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने जीव वाचविणाऱ्या तेरा वस्तूंत या औषधाची गणना केली. २०१४ साली भारत सरकारने, अकाली वेणा लागलेल्या बाईला इस्पितळात धाडण्यापूर्वी पहिले इंजेक्शन देण्याची मुभा खेड्यापाड्यांतल्या परिचारिकांनाही दिली. हेतू निर्मळ होता व आधारही भक्कम वाटत होता. पण आढाव्यातले बहुतेक प्रयोग सधन देशांतल्या सुसज्ज इस्पितळांतले होते. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्राने सहा देशांतल्या एका प्रचंड प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच्या केंद्रांत आपले नागपूर व बेळगाव ही दोन्ही होती. सुमारे लाखभर जन्मांची नोंद त्यात आहे. जेथे या औषधाचा प्रसार केला त्या भागांत हजारी २७.४ नवजात मुले दगावली. जेथे केला नाही तेथे २३.९. ज्या अगदी लहान मुलांसाठी सारा खटाटोप, त्यांच्या मृत्यूंत फरक पडला नाही. मातांमध्ये जंतुसंसर्गाचा संशयही अधिक आढळला.

असे का झाले, यावर तज्ज्ञांचा वाद पुष्कळ दिवस चालला. एक गोष्ट मात्र कोणत्याही सुईणीला समजेल अशी आहे. दिवस किती गेले हेच पुष्कळ बायांना नक्की ठाऊक नव्हते. पोटाची उंची रंगीत फितीने मोजून अंदाज करावा लागे. त्यामुळे इंजेक्शन मिळालेल्या बहुसंख्य स्त्रियांची मुले प्रत्यक्षात पुरेशा वजनाची निघाली.

२०१५ मध्ये जागतिक आरोग्यसंघटनेने शिफारस कायम ठेवली, पण अटी घातल्या: दिवसांची मोजणी खात्रीची हवी, आईला संसर्ग नको, प्रसूतीची व नवजात मुलाच्या शुश्रूषेची नीट सोय हवी. मग या अटी पाळून भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया व नायजेरिया येथील २९ इस्पितळांत २,८५२ स्त्रियांवर पुन्हा प्रयोग झाला. २०२० मध्ये त्याचा निकाल आला: औषध न मिळालेल्यांची शेकडा २३.५ नवजात मुले दगावली, मिळालेल्यांची १९.६. गुण इतका स्पष्ट दिसला की प्रयोग मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला.

आमच्या आजी महिने तिथीवरून मोजीत. त्यांनी सांगितलेली आठव्या महिन्याची मुले खरोखर आठव्याचीच होती काय, हे त्यांना विचारावयाचे मात्र राहून गेले.