सातपूरची गाडी आणि तिचे मिस्त्री

नाशिक जिल्ह्याचा पश्चिमेकडील पट्टा सह्याद्रीच्या माथ्याला खेटून असल्यामुळे इगतपुरी, त्र्यंबक, पेठ आणि सुरगाणा या तालुक्यांत पावसाळ्याचे चार महिने रस्ता म्हणून जे काही उरते, त्यावरून मोटार नेणे हे सामान्य वाहनाचे काम नव्हे. इगतपुरीस वर्षाकाठी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस येवल्याच्या बाजूला त्याचा पाचवा हिस्सा पडला तरी शेतकरी समाधान मानतो. एकीकडे लाल मातीचा निसरडा उतार, दुसरीकडे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांतील, पाणी लागताच चाकाला चिकटून बसणारी काळी जमीन. अशा मुलखात लसीकरणाच्या पेट्या, निवडणुकीचे साहित्य, वनखात्याचे कर्मचारी आणि अडलेली बाळंतीण यांची ने-आण पिढ्यान् पिढ्या ज्या चार चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांनी केली, त्यांपैकी कित्येक आज वीस-पंचवीस वर्षांच्या झाल्या असूनही धावत आहेत. त्या कशा जगतात, त्यांना कोण जगवते आणि त्यासाठी काय करावे लागते, हे सर्वसामान्य वाचकाला ठाऊक असावे, असे मला मनापासून वाटते.

या गाड्यांचे कूळ दुसऱ्या महायुद्धातील जीपमध्ये आहे. युद्ध संपल्यावर अमेरिकेतील विलीस कंपनीने 1946 मध्ये ब्रुक्स स्टीव्हन्स या अभिकल्पकाकडून संपूर्ण पोलादी शरीराची, बंदिस्त, कुटुंबासह सामान वाहून नेणारी स्टेशन वॅगन तयार करवून घेतली आणि 1949 मध्ये तिला चारही चाकांना शक्ती देणारी रचना जोडली. भारतात 1945 मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र बंधूंच्या कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास याच विलीसची जीप जुळवणीसाठी आणली. पुढे जीपचाच सांगाडा लांबवून, वर पत्र्याचे छप्पर आणि बाजूंना काचा घालून, 1993 मध्ये ‘अर्माडा’ निघाली. तिच्यामागून 2000 साली ‘बोलेरो’ आणि 2002 च्या जूनमध्ये ‘स्कॉर्पिओ’. या तिघींना एकाच घराण्यातील मानणे चूक ठरू नये, जरी शेवटच्या गाडीच्या अंगी आधुनिकतेचे संस्कार अधिक असले तरी.

आता मुख्य मुद्दा. जुनी यंत्रे सर्वत्र असतात, परंतु त्यांची दुरुस्ती सर्वत्र होत नाही. ज्या गावात ते यंत्र घडवणारे हात असतात, तेथेच ती सुकर होते, आणि या बाबतीत नाशिकचे भाग्य थोर आहे. बोलेरो व स्कॉर्पिओ सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यातून बाहेर पडल्या. कंपनीचा इंजिनांचा कारखाना इगतपुरीस. आणि डिझेल इंजिनाच्या काळजातील नोझल बनवणाऱ्या मोटार इंडस्ट्रीज कंपनीचा, म्हणजे ज्या ‘मायको’च्या नावाने शहरातील चौक आजही ओळखला जातो तिचा, कारखाना याच सातपुरात 1970 च्या सुमारास उभा राहिला. ओझरला 1964 मध्ये विमानांचा कारखाना स्थापन झाला. या सर्व कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या सातपूर-अंबडच्या छोट्या शेडमधून टर्नर, फिटर, मिलर यांची एक संपूर्ण पिढी तयार झाली, आणि त्यांपैकी काहींनी निवृत्तीनंतर किंवा कारखाना बंद पडल्यावर रस्त्याच्या कडेला स्वतःचे गॅरेज थाटले. ज्याने आयुष्यभर मायक्रोमीटर हाती धरला, त्याच्याकडे गाडी सोपवण्यात आणि केवळ पान्याच्या बळावर बोल्ट आवळणाऱ्याकडे सोपवण्यात जो फरक आहे, तो गाडीच्या आयुष्यावर उमटल्याखेरीज राहत नाही.

अशा गाडीची काळजी घ्यायची तर प्रथम तिची शक्ती चाकांपर्यंत कशी पोचते हे समजले पाहिजे. साध्या मोटारीत गिअरबॉक्सकडून निघालेला फिरता दांडा एकाच आसाकडे जातो. या गाड्यांत गिअरबॉक्सच्या पाठीमागे ‘ट्रान्स्फर केस’ नावाची दुसरी पेटी असते, आणि तिच्यातून एक दांडा मागच्या व दुसरा पुढच्या आसाकडे जातो. चालकाने खटका ओढला की पुढचा दांडाही मागच्याशी घट्ट जखडला जातो. हा जखडलेपणा चिखलात वरदान आणि डांबरी रस्त्यावर शाप ठरतो. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, म्हणजेच त्यांना अधिक अंतर कापावे लागते. जमीन सैल असेल तर टायर किंचित घसरून हा फरक भरून काढतात, पण कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसल्यामुळे तो ताण दांड्यांत, त्यांच्या सांध्यांतील क्रॉसमध्ये आणि दातांमध्ये साठत जातो. गाडी जड चालते, स्टिअरिंग ओढते, आणि खटका परत काढू म्हटले तर निघत नाही. अशा वेळी मिस्त्री सांगतो की गाडी थोडी मागे घ्या, म्हणजे सुटेल. साठलेला पीळ उलट्या दिशेने उकलला जातो, हे त्याचे शास्त्रीय कारण. चारही टायर एकाच मापाचे आणि शक्यतो सारखेच झिजलेले असावेत, हा नियमही याच कारणापोटी आहे. दोन नवे टायर मागे आणि दोन गुळगुळीत पुढे, अशी काटकसर साध्या मोटारीत क्षम्य असेल. येथे ती ट्रान्स्फर केसच्या मुळावर येते.

याच्या उलट चूक करणारेही पुष्कळ आहेत. वर्षानुवर्षे खटका न ओढल्यामुळे दांडे गंजून आपल्या जागी आखडतात, तेलाचे सील सुकतात आणि ज्या दिवशी खरोखर गरज पडते त्या दिवशी चारही चाके मिळत नाहीत. महिन्यातून एकदा शेतातल्या कच्च्या वाटेवर शे-दोनशे मीटर चारही चाकांवर गाडी चालवावी, इतका साधा उपाय त्यावर पुरेसा आहे.

पाण्याचा उपद्रव मात्र गुप्त असतो. पेठ-हरसूलकडील ओढ्यातून गाडी नेली, पाणी आसाच्या वर चढले, गाडी सुखरूप पलीकडे गेली आणि मालक निश्चिंत झाला. पण चालून तापलेली आसाची पोकळ हाऊसिंग थंड पाण्यात बुडताच तिच्यातील हवा आकुंचन पावते आणि वरची श्वासछिद्राची छोटी झडप चिखलाने बुजलेली असली तर ती हाऊसिंग सीलमधून पाणी आत ओढून घेते. गॅरेजमध्ये खालचा बोल्ट उघडल्यावर जे तेल गळते ते तपकिरी नसून ताकासारखे पांढरट असते, आणि ते पाहताच मिस्त्रीच्या चेहऱ्यावर जी गंभीरता येते ती उगाच नसते. त्या तेलात बेअरिंगचा आणि दातांचा घात चाललेला असतो. म्हणून पावसाळा संपताना, दसऱ्याच्या सुमारास, दोन्ही आसांचे, ट्रान्स्फर केसचे आणि गिअरबॉक्सचे तेल तपासणे किंवा बदलणे हा ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांचा दंडक असावा. तेल घालतानाही विवेक हवा. आसातील क्राऊन आणि पिनियन या दातेरी चाकांचे दात एकमेकांवर घासत फिरतात, म्हणून तेथे अतिदाब सोसणारे जीएल-5 दर्जाचे तेल लागते. परंतु जुन्या गिअरबॉक्समधील पितळी रिंगांना त्याच तेलातील गंधकयुक्त द्रव्ये कुरतडू शकतात, म्हणून तेथे जीएल-4 घालावे. दुकानदार ‘नव्वद नंबर द्या’ एवढ्यावर भागवतो. ग्राहकाने डब्यावरची ही अक्षरे वाचून घ्यावीत.

क्राऊन-पिनियन बसवण्याचे काम एकदा तरी डोळ्यांनी पाहण्यासारखे आहे. हाऊसिंग उघडून, सारे भाग डिझेलने धुऊन, मिस्त्री क्राऊनच्या चार-पाच दातांना निळ्या रंगाचा अत्यंत पातळ लेप देतो, हाताने चाक फिरवतो आणि पिनियनच्या स्पर्शाने त्या निळाईत जो ठसा उमटतो त्याकडे बॅटरी धरून पाहत राहतो. ठसा दाताच्या मध्यभागी असला तर काम साधले. तो मुळाकडे गेला तर पिनियन फार जवळ आहे. टोकाकडे सरकला तर दूर. मग कागदापेक्षाही पातळ अशा पोलादी चकत्या, ज्यांना शिम म्हणतात, एक काढून दुसरी घालायची आणि पुन्हा लेप, पुन्हा ठसा. दातांमधली मोकळीक डायल गेजवर इंचाच्या काही हजारांशांत मोजली जाते. “घाई करायची असेल तर गाडी घेऊन जा काका, नंतर रडू नका,” असे एका उतावीळ मालकाला त्याने ऐकवलेले मी ऐकले आहे, आणि त्याचा तो अधिकारच होता. कारण घाईने बसवलेले दात प्रथम घूंऽऽ असा आवाज करतात, आणि मग एक दिवस तुटतात.

अर्माडासारख्या गाडीच्या पुढे-मागे पाट्यांच्या स्प्रिंगा असतात. पाटे बसले, शॅकलचे बुश झिजले किंवा किंगपिनच्या बेअरिंगमध्ये खेळ आला, की ठराविक वेगाला, खड्डा लागताच, पुढची दोन्ही चाके अशी थरथरू लागतात की स्टिअरिंग हातात राहत नाही. पुष्कळ मालक अशा वेळी स्टिअरिंगला डॅम्पर बसवून मोकळे होतात. त्यामुळे लक्षण दबते, रोग राहतो. जॅकने चाक उचलून प्रत्येक सांधा हालवून पाहणे, ग्रीसच्या प्रत्येक निप्पलमध्ये जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत पंप मारणे, हीच खरी चिकित्सा.

जुन्या डिझेल इंजिनांविषयी थोडक्यात सांगता येते, कारण ती मुळातच सोशिक आहेत. अर्माडाचे प्यूजो घराण्याचे 2112 घनसेंटिमीटरचे इंजिन आणि पुढे बोलेरोत आलेले 2523 घनसेंटिमीटरचे थेट इंधन-फवाऱ्याचे इंजिन, दोन्हींना स्वच्छ डिझेल, स्वच्छ हवा आणि थंड पाणी एवढेच मागणे असते. सकाळी सुरू होण्यास त्रास देणाऱ्या प्यूजोचे ग्लो प्लग आधी पाहावेत. काळा धूर आणि जडपणा असला तर नोझल काढून बाकावर त्यांचा फवारा तपासून घ्यावा, जो धुक्यासारखा सूक्ष्म निघाला पाहिजे, धार लागता कामा नये. मायकोच्या सावलीत वाढलेल्या या शहरात असा फवारा जाणणारे कारागीर अजून मिळतात. स्कॉर्पिओच्या बाबतीत मात्र दोष बहुधा लोखंडात नसून तारांत असतो: डॅशबोर्डवरील बटण फिरवले, दिवा लुकलुकला आणि चारही चाके मिळाली नाहीत, तर ट्रान्स्फर केसवरची छोटी विद्युत मोटर आणि तिचा चिखलाने माखलेला कनेक्टर प्रथम साफ करावा; शेकडा किती गाड्या एवढ्याने बऱ्या होतात हे मी सांगू शकत नाही, पण पेटी उघडण्याचा खर्च करण्यापूर्वी हे करण्यात शहाणपण आहे.

इंजिन पुन्हा बांधता येते, आस बदलता येतो. सांगाडा गंजला की मात्र उपाय महाग होतो, आणि येथे यंत्रशास्त्राबरोबर कायदाही उभा राहतो. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी, शुल्क आणि पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. पेठ रोडवरील प्रादेशिक परिवहन कार्यालयात दिवे, ब्रेक आणि धूर यांच्या तपासणीबरोबरच सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहिला जातो, आणि त्यासाठी त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून त्याचा ठसा घेतला जातो. ज्या मालकाने तो भाग चिखलाखाली वर्षानुवर्षे कुजू दिला, त्याला स्वतःच्याच गाडीची मालकी शाबीत करण्यासाठी अर्ज-फाट्यांचे हेलपाटे घालावे लागतात. तो क्रमांक दरवर्षी धुऊन, त्यावर ग्रीसचा हात फिरवून ठेवावा. मुदत संपण्यापूर्वीच अर्ज दाखल करावा, कारण विलंबाचा दंड दरमहा वाढत जातो.

सरकारी गाड्यांची कथा वेगळी आणि माझ्या मते दुःखदायक आहे. पूर्वी जिल्हा परिषद, वनखाते, पाटबंधारे अशा खात्यांच्या जुन्या जीपा निर्लेखित होऊन लिलावात निघत आणि शेतकरी, गॅरेजवाले किंवा सुटे भाग विकणारे त्या घेत. एका मृत गाडीची ट्रान्स्फर केस दुसऱ्या जिवंत गाडीत जाई. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरील शासकीय वाहनांची नोंदणीच रद्द होऊ लागली आणि ती अधिकृत भंगार केंद्रांकडे जाऊ लागली. धुराचा आणि सुरक्षिततेचा विचार करता या धोरणामागचा हेतू योग्यच आहे. परंतु गाडी भट्टीत जाण्यापूर्वी तिचे सुस्थितीतील आस, पेट्या, दांडे आणि हब काढून, नोंद करून, ते विक्रीस ठेवण्याची व्यवस्था त्या केंद्रांनी आवर्जून राखली पाहिजे, कारण नव्या कारखान्यांतून हे भाग यापुढे दिवसेंदिवस कमीच येणार आहेत.

आणि त्र्यंबक रस्त्यावरच्या सातपूरच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत अशा निर्लेखित गाड्यांपैकी एखादीचा पुढचा आस, तिची ट्रान्स्फर केस आणि एक जुना डिझेल पंप बाकावर मांडून ठेवावा. सातपूरच्या निवृत्त मिस्त्रींना मानधन देऊन बोलवावे आणि त्यांच्या हातून विद्यार्थ्यांना निळ्या ठशाचे, शिमचे आणि फवाऱ्याचे ज्ञान मिळेल अशी तजवीज करावी. हे मिस्त्री आता साठी-सत्तरीला आले आहेत, त्यांच्या मुलांपैकी बहुतेक संगणकाकडे वळले आहेत, आणि पेठ-सुरगाण्यात पाऊस मात्र पूर्वीसारखाच पडतो आहे.