कचेरी सुटली की कचेरीत!

मराठीत कचेरी म्हणजे ऑफिस आणि तमिळमध्ये 'कच्चेरी' म्हणजे गाण्याची मैफल. शब्द तोच, पण फरक बघा... आपण कचेरीतून कधी एकदा सुटतोय म्हणून घड्याळाकडे बघतो आणि चेन्नईकर कच्चेरीला वेळेत पोचायचं म्हणून घड्याळाकडे बघतो!

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत या शहरात हजाराहून जास्त मैफली होतात. आपल्याकडे 'सवाई' म्हणजे एक मांडव आणि मोजके दिवस. इथे डझनावारी सभा आणि अख्खा महिना, सकाळपासून रात्रीपर्यंत. ('सभा' म्हणजे भाषणबाजी नव्हे, गाणं करणारी संस्था.) 2017 मध्ये युनेस्कोने चेन्नईला संगीतासाठी 'क्रिएटिव्ह सिटी'च्या यादीत घेतलं, ते उगाच नाही.

फ्रीलान्सर असण्याचा एकच फायदा, रजेचा अर्ज द्यावा लागत नाही. लॅपटॉप उचलला, मैलापूरमध्ये एका मामींच्या घरी दहा दिवसांसाठी खोली घेतली आणि ठरवलं, की मरीना बीचवर फोटो आणि साड्यांची खरेदी हा टिपिकल प्रोग्रॅम करायचा नाही. इथला माणूस ऐकतो तसं ऐकत फिरायचं, पेठ पेठ करत. आणि 'पेठ' हा शब्द मी मुद्दाम वापरतेय, कारण सैदापेट, चिंताद्रिपेट, वॉशरमनपेट यांतलं 'पेट' म्हणजे आपली पेठच!

पहाटे साडेपाच : मैलापूर

"कण्णा, उठ! कोलम बघायचाय ना? मग आत्ताच." मामींचा अलार्म फोनच्या अलार्मपेक्षा भारी. वीस वर्षं माटुंग्यात काढल्यामुळे त्यांचं हिंदी एकदम बंबइया.

तमिळ लोकांचा हा मार्गळी महिना म्हणजे आपला धुंधुरमास. आजी पहाटे मुगाची खिचडी आणि बाजरीची भाकरी करायची, आठवतंय? इथे देवळात त्याच वेळी गरमागरम पोंगल मिळतो. तांदूळ, मूगडाळ, मिरे, तूप. खिचडीचा सख्खा चुलतभाऊच म्हणा ना. कपालीश्वराच्या देवळाभोवती चार माड रस्ते आहेत. दारोदारी तांदळाच्या पिठाच्या रांगोळ्या, म्हणजे कोलम, आणि मधून भजन म्हणत जाणारी माणसं. पापनाशम शिवन (1890-1973) या मोठ्या रचनाकाराने ही मैलापूरची भजनफेरी वर्षानुवर्षं काढली. आंडाळ या संत कवयित्रीच्या 'तिरुप्पावै'त 30 पदं आहेत. महिन्याच्या रोज एका दिवसाला एक.

यातलं काहीही 'कार्यक्रम' नसतं. स्टेज नाही, माईक नाही, सेल्फी पॉइंट तर नाहीच नाही. बाजूने चालायला लागायचं. दोन रस्ते होईपर्यंत तुम्ही त्यांच्यातलेच.

दुपारी दोन : फुकट आणि पहिली रांग

संध्याकाळी सातच्या बड्या नावांना तिकीट लागतं आणि ते पटकन संपतं. पण खरे इथले लोक दुपारचे असतात. बहुतेक सभांमध्ये दुपारच्या मैफली फुकट. गाणारी मुलं वीस-बावीस वर्षांची, ऐकणारे सत्तरीचे. म्युझिक अकादमी (स्थापना 1928) ही इथली सगळ्यात मानाची जागा. तिथेही दुपारी आत जाऊन मस्त बसता येतं.

ऐकणाऱ्यांकडे बघणं हा एक वेगळाच टाइमपास आहे. राग सुरू झाला की दोन मिनिटांत शेजारच्या आजी पर्समधून छोटी वही काढतात आणि राग टिपून ठेवतात. सगळ्या हॉलचे हात मांडीवर ताल धरून असतात. गाणारा चुकला तर कोणी बोलत नाही, पण हात थांबतात. एखाद्या बॉसच्या अप्रेझलपेक्षा ही शांतता भयंकर!

मैफलीच्या शेवटी हलक्याफुलक्या रचना येतात. त्यांना म्हणतात 'तुक्कडा'. मराठी कानाला ओळख पटायला वेळ लागत नाही. आणि या तुकड्यांत अचानक... विठ्ठल! एका दुपारी एका तरुण गायिकेने चक्क अभंग सुरू केला. सगळा हॉल टाळ्यांनी ठेका धरतोय आणि मी पंढरपुरापासून हजारेक किलोमीटरवर बसून डोळे पुसतेय.

हे काही फ्युजनचं फॅड नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी तंजावर घेतल्यावर भोसल्यांची गादी तिथे 1855 पर्यंत होती. त्यागराज, मुथुस्वामी दीक्षितर आणि श्यामा शास्त्री हे कर्नाटक संगीताचे तिघे शिरोमणी याच राज्यात जन्मले. मराठी कीर्तनकार तंजावरला गेले आणि त्यांच्या कीर्तनातून तिथली हरिकथा घडली. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्तं तमिळ कथाकारांच्या तोंडी बसली. अलीकडच्या काळात अरुणा साईराम आणि रंजनी-गायत्री यांनी अभंगांना सभांमध्ये हमखास टाळ्यांची जागा मिळवून दिली. आणि या तिघीही वाढल्या मुंबईत!

संध्याकाळ : कॅन्टीन आणि 'तनी'

सभेचं कॅन्टीन म्हणजे सीझनचं दुसरं स्टेज. केळीचं पान, पालेभाजीचा वडा, फिल्टर कॉफी आणि मूगडाळीचा अशोका हलवा. गाण्याशी काहीही देणंघेणं नसलेले लोकही इथे जेवायला येतात आणि कोणी त्यांना नावं ठेवत नाही.

गर्दी कधी होते माहितीये? 'तनी आवर्तनम्' सुरू झालं की. मुख्य रचनेनंतर गायक थांबतो आणि मृदंगम्, घटम् वाजवणारे एकटे वाजवतात. तो क्षण आला की निम्मा हॉल उठतो. "तनी म्हणजे कॉफी ब्रेक" हा इथला जुना विनोद आहे.

विनोद मलाही आवडला होता. मग मृदंगम् कसा बनतो ते वाचलं. फणसाच्या लाकडाचं खोड आणि त्यावर गाय, म्हैस, शेळी यांचं कातडं. ते निवडणारे, कमावणारे, ताणून सुरात आणणारे कारागीर पिढ्यान् पिढ्या मुख्यतः दलित ख्रिश्चन. गायक टी. एम. कृष्णा यांनी 2020 मध्ये 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक या कारागिरांवरच लिहिलं. स्टेजवर वाद्य दिसतं, वाजवणारा दिसतो. बनवणारा दिसत नाही. आणि तो राहतो त्या वस्त्या सभांच्या नकाशावर नसतात.

म्हणून पाचव्या दिवशी मी नकाशाच्या वरच्या अर्ध्या भागाकडे निघाले.

लोकल पकडून : जॉर्ज टाऊन

मैलापूरच्या तिरुमयिलै स्टेशनवरून उन्नत लोकल घ्यायची, डावी-उजवीकडची घरं आणि चेपॉक स्टेडियम बघत बीच स्टेशनला उतरायचं. समोर जॉर्ज टाऊन. हातगाड्या, घाऊक दुकानं, हॉर्न. गाण्याचा मागमूस नाही. पण मद्रासचं गाणं आधी इथे राहायचं!

वीणा धनम्माळ (1867-1938) इथल्या रामकृष्ण स्ट्रीटवर राहायच्या. दर शुक्रवारी संध्याकाळी घरीच वीणा वाजवायच्या आणि शहरातले जाणकार समोर श्वास रोखून बसायचे. आवाज केलेला चालायचा नाही. त्या देवदासी परंपरेतल्या. नर्तकी बालसरस्वती त्यांचीच नात. पुढे वकील, अधिकारी दक्षिणेकडे मैलापूरला गेले तसं गाणंही तिकडे सरकलं. सभा वाढल्या, गाणारी घराणी बदलली आणि 1947 मध्ये मद्रास प्रांतात देवदासी प्रथेवर कायद्याने बंदी आली. प्रथा गेली ते बरंच झालं. पण जिथे हे गाणं सांभाळलं गेलं, ती घरंही शहराच्या आठवणीतून गेली.

इथल्या फूटपाथवर 'अथो' खा. बर्मातून परतलेल्या तमिळ कुटुंबांनी आणलेल्या नूडल्स. गाणं असो की नूडल्स, या शहरात प्रत्येक गोष्ट कुठून तरी उठून आलेली आहे.

आणखी वर : व्यासरपाडी

इथे माझा गाईड होता मित्राचा मित्र. ओएमआरवरच्या आयटी पार्कमध्ये टेस्टिंग करणारा, वय 26, जन्म व्यासरपाडीतला. मैलापूरपासून जेमतेम दहा किलोमीटर. गल्लीत कॅरम, मैदानात फुटबॉल आणि भिंतीवर डॉ. आंबेडकर.

इथलं गाणं म्हणजे 'गाना'. मयताच्या घरी रात्र जागवताना म्हणायचं गाणं. ताट, डबा, जे हाताला लागेल त्यावर ठेका. गेलेल्या माणसाची थट्टा, त्याचं कौतुक, मग रडू. 90 च्या दशकात संगीतकार देवा यांनी गाना सिनेमात आणला आणि सगळा तमिळनाडू त्यावर नाचला. जानेवारी 2018 मध्ये दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांच्या 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'ने गाना, रॉक आणि हिप-हॉप एकत्र करून थेट जातीवर गाणी म्हटली. आपल्याकडची भीमगीतं आणि शाहिरी जलसे ज्याने ऐकलेत, त्याला हे परकं वाटणारच नाही. 2020 पासून रंजित यांनी मार्गळी महिन्यातच लोकसंगीताचा 'मार्गळियिल मक्कळिसै' हा महोत्सव सुरू केला. म्हणजे, महिना काही फक्त सभांच्या मालकीचा नाही!

"कधी सभेत गेलास?" मी विचारलं.

"नाही, अक्का. दुपारी तिकीट लागत नाही, माहितीये. पण आत गेलं की मी कोण, असं कोणीतरी विचारतंय असं वाटतं."

घरी येऊन मामींना विचारलं, "तुम्ही कधी व्यासरपाडीला गेलात?"

"तिकडे? कशाला?" मामी खरोखर गोंधळल्या.

ही दरी बुजवायचे प्रयत्न झालेत. 2015 मध्ये बेसंट नगरजवळच्या उरूर-ओल्कॉट कुप्पम या कोळीवाड्यात कृष्णा आणि इतरांनी महोत्सव सुरू केला. शास्त्रीय गाणं समुद्राकाठी, सगळ्यांसाठी. 2024 मध्ये त्याच कृष्णांना म्युझिक अकादमीने 'संगीत कलानिधी' जाहीर केला, तेव्हा काही नामवंतांनी अकादमीच्या मैफलींतून माघार घेतली. थोडक्यात, भांडण अजून चालू आहे आणि दोन्ही बाजूंना ते गाण्याइतकंच मनापासून आहे.

आठव्या दिवशी मी त्याला ओढून दुपारच्या मैफलीला नेलं. मामीही होत्या. दीड तास तो अंग चोरून बसला होता. तनी सुरू झाली, निम्मा हॉल वड्याकडे निघाला आणि हा पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकला. त्याचा हात मांडीवर पडायला लागला. मृदंगम् कुठेही फिरून येवो, याचा ठेका जागच्या जागी.

बाहेर पडल्यावर तो एवढंच म्हणाला, "अक्का, लोक याच वेळी का उठून जातात?"

रात्री मामींनी भांडी आवरता आवरता विचारलं, "तुझा तो मित्र. ताल कुठे शिकला?"

"मयतात," मी म्हटलं.

मामी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बरोब्बर धरत होता."

इथलं व्हायचंय? मग एवढं कराच

• डिसेंबर 15 ते जानेवारी 15 हा काळ पकडा. रोजचं वेळापत्रक इंग्रजी पेपरात आणि सभांच्या साइटवर मिळतं.

• दिवसाला दोनच मैफली. सहा ऐकाल तर सातवीला झोपाल.

• सभेत फोन बंद, गप्पा बंद. उठायचं असेल तर दोन रचनांच्या मध्ये.

• सोबत शाल ठेवा. चेन्नईत थंडी नसते, पण हॉलचा एसी असतो!

• सिनेमावेड्यांनी कोडंबक्कममध्ये चक्कर मारावी. 1992 च्या 'रोजा'तलं रहमानचं संगीत इथेच, त्याच्या घरच्या स्टुडिओत घडलं.

• एक दिवस उत्तरेसाठी राखून ठेवा. मेट्रोची ब्लू लाइन वॉशरमनपेटच्याही पुढे जाते. सोबत तिथला कोणी असेल तर उत्तम.

• आणि तनी सुरू झाली की उठू नका. वडा कुठे पळून जात नाही.