आधी बाहुली, मग बाळंतीण

निवासी डॉक्टर असताना मी पहिल्यांदा सिझेरियनची सुरी हातात घेतली, तेव्हा माझे हात थरथरत होते. वरिष्ठ समोर उभे होते, सगळे नीट पार पडले. पण आपण कोणाचा तरी पहिला धडा आहोत, हे टेबलावरच्या त्या बाईला ठाऊक नव्हते. ही गोष्ट मला आजही खुपते. आधी पाहा, मग करा, मग शिकवा, अशीच तेव्हाची रीत होती.

आता मी विद्यार्थ्यांना शिकवते, ते आधी बाहुलीवर. ही कल्पना नवी नाही. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या मादाम द्यु कूद्रे या सुईणीने कापड आणि चामड्याची बाळंतिणीची प्रतिकृती तयार केली होती. १७५९ मध्ये राजा पंधरावा लुई याने तिला देशभर फिरून शिकवण्याची कामगिरी दिली. आपल्याकडे २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात कौशल्य प्रयोगशाळेला हक्काची जागा मिळाली.

महागडी यंत्रेच हवीत असे नाही. स्पंजचे आणि कापडाचे थर, त्याखाली पाण्याने भरलेला फुगा आणि फुग्यात बाहुली, एवढ्यावर सिझेरियनचा सराव होतो. एकेक थर ओळखत आत जायचे. घाई झाली की बाहुलीच्या गालावर ओरखडा उठतो. तो पाहून वर्गात जी शांतता पसरते, ती माझ्या दहा व्याख्यानांनी पसरत नाही.

व्हॅक्यूमचेही तसेच. कप बाळाच्या डोक्यावर नेमक्या जागी बसला पाहिजे, कळ आली की तिच्याबरोबरच ओढले पाहिजे. आणि कप पुन्हा पुन्हा निसटत असेल, तर थांबायला शिकले पाहिजे. हे थांबणे सर्वांत अवघड!

सर्वांत मोलाचा सराव रक्तस्रावाचा. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला सुमारे अर्धा लिटर रक्त वाहत असते. म्हणजे हाताशी वेळ किती थोडा, पाहा. एकदा सरावात एक विद्यार्थी ओरडला, "कोणीतरी रक्त मागवा!" कोणीच हलले नाही. नंतरच्या चर्चेत त्याच्याच लक्षात आले, की 'कोणीतरी' नावाचा माणूस खोलीत नसतोच. नाव घेऊन सांगावे लागते, आणि समोरच्याने 'मागवले' असे मोठ्याने म्हणावे लागते.

बाहुलीला कळा येत नाहीत, भीती वाटत नाही, ती कण्हत नाही. त्यामुळे अनुभवी हाताखाली, खऱ्या रुग्णाजवळ शिकण्याला पर्याय नाही. पण पहिली चूक बाहुलीच्या वाट्याला यावी, बाळंतिणीच्या नव्हे, एवढे तरी आपण नक्कीच करू शकतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)