उल्हासचें पाणी आणि माहितीचीं कोठारें

डोंबिवलींत भर उन्हाळ्यांत नळ उघडला, तर भांड्यांत पडणाऱ्या धारेंत भिवपुरीचा वांटा असतो. मावळांत ठोकरवाडी येथें आंध्रा नदी अडवून टाटांनीं तिचें पाणी घाटाखालीं वळविलें. १९२२ सालापासून तें भिवपुरीच्या वीजघराचीं चाकें फिरवून उल्हास नदीस मिळतें. पुढें मोहिली, शहाड येथें नदींतून पाणी उचलून कल्याण-डोंबिवली व ठाणें या शहरांस पुरवितात. एकच पाणी आधीं वीज देतें, मग तहान भागवितें.

या खोऱ्यास आतां नवें गिऱ्हाईक मिळालें आहे. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यांत डेटा सेंटरें उभीं आहेत. त्या पट्ट्यास औद्योगिक विकास महामंडळ बारवी धरणाचें पाणी देतें, आणि बारवी ही उल्हासचीच उपनदी. डोंबिवलीजवळ पलावा येथेंही अशा केंद्रांसाठीं राज्य सरकारनें २०२५ सालीं करार केला. आपलीं बँकेचीं खातीं, छायाचित्रें, पत्रें अशा कोठारांत सांठविलेलीं असतात. त्यांस ‘क्लाउड’, म्हणजे मेघ म्हणतात. हा मेघ मात्र पाणी देत नाहीं, पितो.

कसें तें पाहूं. यंत्रांस दिलेली जवळजवळ सारी वीज अखेर उष्णता होते. ती काढून टाकण्याची एक रीत आपल्या माठाचीच: पाण्याची वाफ होतांना ती उष्णता घेऊन जाते. एक युनिट विजेच्या उष्णतेनें सुमारें दीड लिटर पाणी उडतें. दहा मेगावॅटच्या केंद्रास दिवसास २,४०,००० युनिटें लागतात. सारी उष्णता याच रीतीनें काढली तर रोज साडेतीन लाख लिटर पाणी हवेंत जाईल. माणशीं १३५ लिटर या सरकारी मानानें तें अडीच हजारांहून अधिक माणसांचें पाणी झालें. भिवपुरीचें पाणी काम करून नदींत परत येतें. हें येत नाहीं.

मग केवळ हवेनें यंत्रें थंड करावीं, असें कोणी म्हणेल. कांहीं केंद्रें तसें करितात. परंतु त्यास वीज अधिक लागते, आणि राज्याची वीज बव्हंशीं कोळशाची. चंद्रपूरच्या वीजकेंद्रास इरई धरणाचें पाणी लागतें. डोंबिवलींत वांचविलेलें पाणी असें चंद्रपुरास खर्ची पडतें!

यांतून वाट आहे. नवी मुंबईची महापालिका सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांस देते, तें शीतकरणास चालतें. असल्या करारांच्या बातम्यांत कोटी रुपये व मेगावॅट ठळक छापून येतात, लिटर क्वचितच. डोंबिवलीभोंवतालच्या सत्तावीस गांवांत पाण्याची ओरड जुनी आहे, आणि कल्याण-डोंबिवलीचें सांडपाणी उल्हासच्या खाडीकडे वाहतें. पलावापासून ती खाडी कांहीं फार दूर नाहीं.